वांग्याच्या रोपांचे उष्टावण

डोंगराच्या कुशीत, जिथे पौष महिन्यात सकाळचे धुके दुपारपर्यंत अंगणातून हलत नसे, अशा एका चिमुकल्या गावात वेणू नावाची मुलगी आपल्या आईसह राहत होती. वेणू रांगत असतानाच तिचे वडील वारले होते. तिची आई सगुणाबाई भाजीची रोपे वाढवून आठवड्याच्या बाजारात विकीत असे. थंडी इतकी कडक पडे, की उघड्यावर बी रुजतच नसे. म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, चुलीच्या उबेला, तळाशी भोक पाडलेल्या नारळाच्या करवंट्यांत वांग्याचे बी पेरीत असे.

त्या वर्षी मात्र विपरीत घडले. रोपे उगवली, दोन दिवस डोलली आणि तिसऱ्या दिवशी मातीलगत काळी पडून आडवी झाली. दुसऱ्यांदा पेरले, तरी तेच झाले.

शेजारच्या ठकूआत्या कमरेवर हात ठेवून खिडकीशी आल्या. “सगुणे, रोपे वाढवतेस की झोपवतेस गं?”

“हसा, आत्या, हसा! शेतातली काळीभोर माती आणली, ताजे शेण कालवले. आणखी काय घालायचे राहिले, ते तरी सांगा.”

“मी मेली कशाची सांगते? माझे बी तर उगवलेसुद्धा नाही,” असे पुटपुटत आत्या निघून गेल्या.

आता पुरचुंडीत चिमूटभरच बी उरले होते. आईने वेणूला जवळ घेतले. “वेणू, बाळ, एवढेही बी गेले, तर होळीनंतर मला शहरात कामाला जावे लागेल. तू मामाकडे राहशील ना?”

“किती दिवस, आई?”

आईने चुलीतले लाकूड उगाचच पुढे सारले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेणू पाचोळा गोळा करायला रानात गेली. तेथे तापू लागलेल्या खडकावर एक गांडूळ तडफडत होते. वेणूने ते हलकेच पानावर घेतले आणि झाडाखालच्या ओलसर सावलीत नेऊन सोडले.

“शाबास! माझा घोडा वाचवलास!” एक इवलासा आवाज आला.

वेणूने वाकून पाहिले. पाचोळ्यात करंगळीएवढी परी उभी होती! जाळी पडलेल्या पिंपळपानाचे तिचे पंख होते, हिरव्यागार शेवाळाचे केस होते, पायांत दवबिंदूंचे पैंजण होते आणि अंगावर अभ्रकाचे कण सोन्यासारखे लुकलुकत होते.

“गांडुळाला कुणी घोडा म्हणते का?” वेणूला हसू फुटले.

“का नाही म्हणायचे? तुमचा घोडा जमिनीवरून धावतो, माझा जमिनीतून धावतो. सांग बरे, अवघड काम कुणाचे?” परी ऐटीत म्हणाली. “मी मृण्मयी, मातीची परी. मी तुझ्या तीन इच्छा पुरवीन, म्हणजेच तीन मुठी माती देईन. पण नियम नीट ऐक. एका इच्छेला एकच मूठ. तुला काय आवडते, ते मागायचे नाही. जो त्या मातीत निजणार आहे, त्याला काय हवे, ते मागायचे. आणि चुकलीस, तर ती मूठ गेलीच म्हणून समज.”

वेणूने क्षणाचाही विचार केला नाही. “मला सर्वांत कसदार, सर्वांत काळी माती दे!”

तिच्या हातात काजळासारखी काळी, तुकतुकीत माती आली.

“आता मूठ आवळ,” परी म्हणाली.

वेणूने मूठ आवळली, तेव्हा बोटांच्या फटींतून पाणी ओघळले. मूठ उघडली, तर मातीचा घट्ट गोळा झालेला. बोटाने कितीही दाबला, तरी फुटेना. पाहता पाहता त्याचा दगड झाला.

“या गोळ्यात कोंडले, तर तुला श्वास घेता येईल का?”

“नाही,” वेणू रडवेली होऊन म्हणाली. “पण कसदार माती नसेल, तर बाळरोपे खातील काय?”

परीने तिच्या बोटावर बसून विचारले, “तुमच्या गावात बाळाचे उष्टावण केव्हा करतात?”

“सहाव्या महिन्यात. मामा त्याला सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो.”

“त्याआधी का नाही चाटवीत?”

“इश्श! त्याआधी त्याला आईचे दूध असते ना!” असे म्हणून वेणू थबकली. तिचे डोळे चमकले. “म्हणजे बीसुद्धा आपली शिदोरी घेऊनच येते?”

“पोटात बांधून आणते,” परी हसली.

मग वेणू सावकाश, शब्द निवडून बोलू लागली. “मला जेवण नको, नुसते मऊ अंथरूण दे. हलके असू दे, ओलसर असू दे, पण चिंब नको. आणि त्यात श्वास घेता यावा.”

तिच्या ओंजळीत नारळाच्या काथ्याचा तपकिरी भुसा, चाळलेला कुजका पाचोळा आणि चमचमते वाळूचे कण एकत्र आले. मूठ आवळली, तर गोळा झाला. बोट लावले, तर तो अलगद सुटला.

“हीच ती!” वेणूने टाळी वाजवली.

“पहिली जी दोन पाने उघडतील, ती बियांच्या पोटातलीच असतील. त्यांच्यामधून तिसरे पान डोकावले, की शिदोरी संपली असे समज. त्या दिवशी तिसरी मूठ मागायला ये,” असे सांगून परी पाचोळ्यात दिसेनाशी झाली.

त्या एका मुठीने खिडकीतल्या बाराही करवंट्या भरल्या आणि वेणूने त्यांत उरलेले बी पेरले! आठव्या दिवशी हिरवे कोंब वर आले. ते डोलले, पण कोलमडले नाहीत. काही दिवसांनी त्यांच्या मधोमध तिसरे नाजूक पान उमलले. वेणू आनंदाने रानाकडे धावणार, तोच शेजारच्या ओसरीवर तिला ठकूआत्या दिसल्या. मांडीवर रिकाम्या करवंट्या घेऊन त्या डोळे पुसत होत्या.

“तुमची थट्टा करायला आले होते ना मी? आता तू कर,” त्या म्हणाल्या. “पदराच्या गाठीला एवढेच दाणे उरलेत बघ.”

वेणू रानात गेली आणि परीला म्हणाली, “तिसरी मूठ मऊ अंथरुणाचीच दे. ठकूआत्यांच्या बियांना हवी आहे.”

“आणि तुझी रोपे? ती उपाशी राहतील, वेणू.”

“माझ्या रोपांना उजेड तरी दिसला आहे. आत्यांच्या बियांना अजून तोही दिसलेला नाही.”

परीने तिसरी मूठ दिली.

चार दिवसांतच वेणूची रोपे पिवळी पडू लागली. आईने खिडकीकडे पाहणेच सोडले. वेणूला आधी रडू आले, मग तिच्या मनात आले, “काय मागायचे, हे मला कळते, तर ते आपल्या हातांनी करता का येऊ नये?”

“आई, उष्टावणाची माती करायची आहे. चल!”

“ताजे शेण आणू का?”

“नको. शेणाच्या ढिगात हात घालून बघ.”

आईने हात घातला आणि झटकन मागे घेतला. “अगोबाई! आतून किती तापले आहे हे!”

“मग कोवळी मुळे पोळणार नाहीत का?”

ठकूआत्यांनी आपल्या खड्ड्याच्या तळातून वर्षभर मुरलेले, थंडगार, भुसभुशीत शेणखत आणून दिले. वेणूने कुजका पाचोळा आणला, आईने लाल माती आणि ओढ्याची वाळू आणली. तिघींनी सारे चाळले आणि कालवले. वेणूने मूठ आवळली, गोळा झाला. बोट लावले, तो सुटला.

मग त्यांनी एकेक रोप, देठाला न धरता पानाला धरून, अलगद नव्या मातीत लावले. “मामाविनाच उष्टावण गं बाई!” असे म्हणत आत्यांनी रोपांना चक्क ओवाळले. तीन आठवड्यांत रोपांना जांभळी झाक आली आणि पाने हिरवीकंच, तळहाताएवढी झाली. आत्यांच्या करवंट्यांतही आता हिरवे कोंब डोलत होते.

बाजाराच्या संध्याकाळी आई रिकामी टोपली घेऊन परतली. “मामाला निरोप धाड, वेणू. म्हणावे, उन्हाळ्यात चार दिवस खेळायला येईन. राहायला नाही.”

वेणू खिडकीकडे धावली. तेथे मृण्मयी उभी होती.

“तीन मुठी मी दिल्या,” ती हळूच म्हणाली. “चौथी तू केलीस. माझ्या राज्यात तिलाच मान आहे.”

तिने वेणूच्या तळहाताला स्पर्श केला. सोनेरी, हिरवा, जांभळा असा लख्ख प्रकाश सांडला, पिंपळपानाचे पंख त्यात विरघळले आणि परी नाहीशी झाली.

आईला परी दिसली नाही. तिला फक्त वेणूच्या हातावरची चमचम दिसली. “किती गं माखलेस हात! धुऊन ये आणि जेवायला बस.”

वेणूने हात धुतले, पुन्हा धुतले. पण ती चमक काही केल्या निघाली नाही. मुलांनो, तशी चमक तुमच्याही तळहातांना लाभो.