दोनदा उकळलेली बासुंदी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात सदोबा नावाचा आचारी राहत होता. त्याच्याशिवाय पंचक्रोशीतला एकही भंडारा होत नसे.

एका चैत्रात भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी त्याचा अंगठा ठणकू लागला. फोड पिकला होता. सदोबाने त्यावर चिंधी गुंडाळली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आचाऱ्याच्या हाताला पू आहे म्हटल्यावर त्याला चुलीजवळ कोण उभं करील? संध्याकाळी भंडाऱ्यासाठी आटवलेली बासुंदी निवल्यावर त्याने त्याच हाताने साय मोडली. पातेली रात्रभर उकाड्यात राहिली. सकाळी त्याने ती पुन्हा चुलीवर चढवली.

"उकळलं की सगळं मरतं," तो स्वतःशीच म्हणाला.

पंगती उठून दोन-तीन तास झाले नाहीत, तोच देवळाच्या आवारात माणसं भडाभडा ओकू लागली. पोरं पोट धरून गडबडा लोळू लागली.

"पटकी आली!" आबा पाटील ओरडले. "स्वयंपाकाला वरच्या वाडीचं पाणी आणलं होतं. बुजवा ती विहीर!"

दहा-वीस जणांनी दगडांनी भरलेल्या पाट्या उचलल्या. ऐन उन्हाळ्यात वाडीतल्या चाळीस घरांना तेवढीच एक विहीर होती.

दवाखान्यातून धावत आलेली नलिनी डॉक्टर त्यांच्या आडवी उभी राहिली. "थांबा! जंतूंच्या जाती असतात. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू स्वल्पविरामासारखे वाकडे. ते आतड्यात वाढतात, इतक्या लवकर सगळ्यांना एकदम आडवं करत नाहीत. दुसरे असतात गोल, द्राक्षांच्या घडासारखे. पिकलेल्या जखमेत असतात. ते अन्नात पडले की अन्नातच विष तयार करतात."

"बाई, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा," पाटील म्हणाले. "बासुंदी दोनदा उकळलीय. काय रे सदोबा?"

सगळ्यांच्या नजरा सदोबाकडे वळल्या. नुसतं "हो" म्हटलं की सुटका होती. पण पाट्या घेतलेली माणसं डॉक्टरांना वळसा घालून वाडीच्या चढाला लागलीसुद्धा होती. त्याने चिंधी सोडून पिकलेला अंगठा पुढे केला.

"विहिरीला हात लावू नका," तो म्हणाला. "हे माझं पाप आहे. पण डॉक्टर, मी दोनदा उकळलं हो!"

"जंतू मेले, काका," ती म्हणाली. "रात्रभरात त्यांनी सोडलेलं विष आगीने मरत नाही."

माणसं खाली मान घालून चढावरून परतली. तिने ताबडतोब उरलेली बासुंदी खड्ड्यात पुरायला लावली आणि घराघरांतून साखर-मिठाचं पाणी मागवलं. दुसऱ्या दिवशी आजारी माणसं उठून बसली.

त्या वर्षी सदोबाला कुणी स्वयंपाकाला बोलावलं नाही. वाडीतल्या बायका मात्र रोजच्यासारख्या विहिरीवर पाणी भरत होत्या.

तात्पर्य: आपली चूक कळताच बोलून दाखवावी, झाकून ठेवलेल्या चुकीचं विष निरपराध माणसांना बाधतं.