फडक्याखालचं लाटणं

एका गावात एक मंडळ होतं. आता मंडळ म्हटलं की तुम्हाला कळलंच असेल, काम थोडं आणि पोहे फार! हे मंडळ होतं कातारी लोकांचं. कातारी म्हणजे लाकूड यंत्रावर गरागरा फिरवून, त्याला पटाशी लावून लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब घडवणारे कारागीर. महिन्यातून एकदा सगळे पारावर जमायचे. मधोमध यंत्र मांडलं जायचं. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची आणि उरलेल्यांनी "वा! वा!" म्हणायचं. याला ते प्रात्यक्षिक म्हणत.

पण एक लाटणं नीट कातायचं तर अर्धी सकाळ जाते. बघणारे जांभया देतात, पोहे गार होतात. म्हणून मंडळानं एक सोय काढली. कारागिरानं सुरुवात करून दाखवायची, लाकडाला जरा आकार आला की हात जोडून म्हणायचं, "वेळ थोडा आहे मंडळी, पुढचं घरूनच करून आणलंय!" आणि शेजारच्या फडक्याखालून तयार वस्तू काढायची.

आधी आधी फडक्याखाली ज्याची त्याचीच वस्तू असायची. पुढे कोणी भावाची आणू लागला, कोणी बाजारातली. दुसऱ्याचं फडकं उचलून बघायला जावं, तर आपलं कोण उचलेल याचा नेम नाही. तेव्हा सगळी आळीमिळी गुपचिळी.

या मंडळात बाळकोबा नावाचा एक तरणा कातारी होता. सुरुवात करावी तर बाळकोबानंच! साल अशी उडवायचा की पुढच्या रांगेतले लोक डोळे मिटून बसायचे. शेवट मात्र त्यानं कित्येक दिवसांत केलेला नव्हता. करायची वेळच येत नव्हती ना! आईबापाविना वाढलेला हा पोर आत्यानं सांभाळला होता, आणि आत्याला एकच ध्यास होता, याचं लग्न.

शेवटी शेजारच्या गावातून एक स्थळ आलं. मुलीचं नाव येसू, वडीलही कातारी. आता कातारी लोकांत एक जुनी रीत होती. नवरा मुलगा पसंत करायचा तर त्यानं सासरच्या माणसांसमोर लाटणं कातायचं, आणि मुलीनं त्याच लाटण्यानं तिथंच पोळी लाटायची. पोळी गोल आली तर सुपारी फुटायची. लाटणं एका बाजूला जाड झालं की पोळी वाकडी, आणि सोयरीकही वाकडी!

"आत्या, आता गं?" बाळकोबा रडकुंडीला आला.

"आता काय? फडकं आहे की!" आत्या म्हणाली. "जा बाजारात, चांगलंसं लाटणं घेऊन ये. दोरी मी ओढते."

बाळकोबानं अख्खा बाजार पालथा घातला आणि एक लाटणं निवडलं. काय लाटणं होतं! हातात धरलं की ठेवू नये असं वाटावं. मुठीपाशी तीन बारीक रेघा, जणू तीन बांगड्याच भरल्यात.

ठरल्या दिवशी अख्खं मंडळ पारावर जमलं. येसू आली, तिचे आबा आले. येसूनं पोळपाट मांडला, कणकेचा गोळा काढला, शेजारी चूल पेटवून तवा ठेवला आणि पदर खोचून बसली. बाळकोबानं तिच्याकडे पाहिलं, तिनंही सरळ त्याच्याकडे पाहिलं. बाळकोबाला ती तिथल्या तिथं आवडली. इतकी आवडली की पटाशी उलटी धरली. आत्यानं खाकरून त्याला शुद्धीवर आणलं.

मग काय विचारता! आत्यानं दोरी ओढली, लाकूड फिरलं, भुसा उडाला. आबांच्या मिशा पांढऱ्याच्या पिवळ्या झाल्या. मंडळ "वा! वा!" करून दमलं. लाकडाला जरासा आकार आला, तसा बाळकोबानं ते काढून भुशात टाकलं, हात जोडले आणि म्हणाला, "वेळ थोडा आहे मंडळी..."

फडक्याखालून लाटणं निघालं. आबांनी ते निरखून पाहिलं आणि येसूच्या हातात दिलं. येसूनं ते फिरवलं, मुठीवरून बोट फिरवलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"हे तुम्हीच केलंत?"

"म्हणजे काय! या हातांनी!"

"छान आहे हो. आणि या तीन रेघा?"

बाळकोबाला आता चेव चढला. "त्या होय? ती आमच्या घराण्याची खूण! आजोबा दोन रेघा काढायचे. मी म्हटलं, आपण एक पाऊल पुढं जाऊ."

"अगं बाई!" येसू म्हणाली. "मला वाटलं, पटाशी घसरून मधे खाच पडली, म्हणून ती लपवायला बाजूला दोन मारल्या."

"छे छे! माझी पटाशी आणि घसरेल?"

"तुमची नाही हो, माझी. हे लाटणं मी केलंय. आबांच्या हाताखाली शिकते मी. गेल्या बाजारी आम्ही विकायला दिलं होतं."

मंडळातली निम्मी माणसं आपापली फडकी हळूच मांडीखाली सरकवू लागली.

आत्या मात्र हार मानणारी नव्हती. "अगं, एकासारखा एक हात असतो कधी कधी! रेघाच त्या, कुणाच्याही तीन येतील. होय की नाही रे बाळकोबा?"

सगळ्यांनी बाळकोबाकडे पाहिलं. नुसतं "होय" म्हणायचं, की निदान अब्रू झाकली असती. मंडळ तर माना डोलवायला टपूनच बसलं होतं. पण समोर येसू बसली होती, आणि तिच्या तोंडावर आणखी खोटं बोलायला त्याची जीभ काही केल्या उचलेना.

"आत्या, पुरे झालं," तो म्हणाला. "लाटणं यांचंच आहे. मी बाजारातून आणलं. माझं ते तिथं भुशात पडलंय, आणि पुढं कसं न्यायचं ते मला येत नाही." एवढं बोलून तो खाली बसला आणि लाजेनं अर्धा झाला.

येसू उठली. भुसा उपसून तिनं ते ओबडधोबड लाटणं काढलं, पदरानं पुसलं आणि रीतीप्रमाणे पोळी लाटली. पोळी कसली, पापलेटच ते! एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला शेपूट. मंडळ खो खो हसलं, आत्याही हसली, आणि शेवटी बाळकोबालाही हसू आवरेना.

"आबा, माझा नकार," येसू म्हणाली. "या लाटण्याला आणि त्या लाटण्यालाही. माझ्याच लाटण्याशी मी लग्न कसं लावू?"

आबांनी मिशा झटकल्या. "ऐकलंस ना, पोरा? ज्या दिवशी पोळी गोल येईल, त्या दिवशी ये. पण ये तुझ्या लाटण्यानिशी."

त्या दिवसापासून बाळकोबानं सुरुवात करणं कमी केलं आणि शेवट करणं सुरू केलं. पटाशी घसरली, लाकडं फुटली, बोटांना चिंध्या बांधल्या. आत्या दोरी ओढून ओढून थकायची आणि म्हणायची, "मेल्या, तुझ्या लग्नात नाचायला हात शिल्लक ठेव माझे!" मंडळातल्या लोकांनी आधी चेष्टा केली. मग एकेक जण गुपचूप येऊन विचारू लागला, "बाळकोबा, ते शेवटी टोक सरळ कसं ठेवतोस रे?" पुढच्या प्रात्यक्षिकाला फडकं कोणीच आणलं नाही. पोहे गार झाले, पण पहिल्यांदाच सगळ्यांनी एक लाटणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत होताना पाहिलं.

पावसाळा सरल्यावर बाळकोबा येसूच्या दारात उभा राहिला. तिच्या अंगणात, तिच्याच यंत्रावर, सगळ्यांसमोर त्यानं लाटणं कातलं. दोरी या वेळी येसूनं ओढली. अर्धी सकाळ गेली, कोणी जांभई दिली नाही.

येसूनं पोळी लाटली. सगळे वाकून बघू लागले. पोळी गोल होती. म्हणजे अगदी चंद्रासारखी नव्हे, एका कडेला जरा दबलेली.

"इथं जरा बसलीय," येसू म्हणाली.

"दिसतंय मला," बाळकोबा म्हणाला. "ती चूक माझी आहे. उद्या काढतो."

येसूनं पोळी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली. आबांनी सुपारी फोडली, आणि आत्या थकलेल्या हातांनी का होईना, अंगणभर नाचली.

तात्पर्य: दुसऱ्याचं सरळ लाटणं मिरवण्यापेक्षा आपलं वाकडं चारचौघांत दाखवावं. वाकडं कधीतरी सरळ होतं. दुसऱ्याचं मात्र कितीही मिरवलं तरी आपलं होत नाही.