पुसलेली खूण

एकदा एका कारखान्यात अण्णा नावाचे एक वृद्ध कारागीर होते. नैसर्गिक वायू वाहून नेणारे पोलादी पाईप तिथे तयार होत. कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून पुंगळी करावी, तशी पोलादाची लांबलचक पट्टी यंत्रात वळत जाई आणि तिच्या कडा आतून आणि बाहेरून वेल्डिंगने जोडल्या जात. मग तपासनीस तो सांधा तपासे. दोष आढळला तर तिथे खडूने गोल करी आणि पाईप दुरुस्तीला मागे जाई.

अण्णा आता निवृत्त होणार होते. आपल्या मागे यंत्राचा कारभार मोरेश्वर या शिष्याकडे सोपवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पोरगा हुशार, कामाला वाघ. पण कारभार हाती येण्याच्या आदल्याच दिवशी त्याच्या एका पाईपावर खडूचा गोल उमटला. आता अण्णांना काय वाटेल, या धास्तीने त्याने काय करावं? आजूबाजूला कुणी नाही असं पाहून फडक्याने तो गोल पुसला आणि पाईप चांगल्या पाईपांच्या राशीत ढकलून दिला. नाक वर ठेवण्यासाठी माणूस काय काय करतो!

संध्याकाळी अण्णांनी सहज विचारलं, आज काही दोष निघाला का? मोरेश्वर म्हणाला, एकही नाही. त्याच्या हातातल्या काळ्या फडक्याला पांढरा खडू लागला होता. अण्णांनी तो पाहिला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाईप गाड्यांवर चढत होते. अण्णांनी ते काम थांबवलं आणि मोरेश्वरच्या पाळीतला एकूण एक पाईप पुन्हा तपासायला लावला. अण्णांना झालंय तरी काय, अशी कुजबुज सुरू झाली. मोरेश्वर इतरांबरोबर गाड्यांवरचे पाईप उतरवू लागला. एवढ्यात त्याच्याच पाळीत आतला सांधा सांभाळणारे दौलतराव पुढे आले. त्यांच्या कामाकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. खाली मान घालून त्यांनी विचारलं, “अण्णा, माझ्या हातून काही चुकलं का?”

मोरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांच्या देखत त्याने तो पाईप दाखवला आणि आपण काय केलं ते सांगून टाकलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, “दोष या एकाच पाईपात आहे, अण्णा. बाकीचे जाऊ द्या.”

“नाही,” अण्णा म्हणाले. “सांधा माझ्याही हातून चुकतो, मोरेश्वर. खूण झाली की तो दुरुस्त होतो, विषय संपतो. तू खूण पुसलीस, दोष जागच्या जागी राहिला. आणि त्याबरोबर तुझ्या शब्दाचं वजनही गेलं. काल तू म्हणालास, एकही नाही. आज म्हणतोस, एकच. खरंही असेल. पण हा पाईप ज्यांच्या गावावरून जाणार, त्यांना मी कुणाच्या भरवशावर निजायला सांगू?”

अण्णांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. दौलतरावांची क्षमा मागून तो तपासणाऱ्यांच्या हाताखाली निमूटपणे पाईप फिरवू लागला. यंत्राच्या कारभाराचं नाव त्या दिवशी अण्णांनी काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

दिवस मावळेपर्यंत तपासणी चालली. बाकीचे सगळे पाईप निर्दोष निघाले. एकेक पाईप पास होई, तशी मोरेश्वरची मान अधिकच खाली जाई. तो खरं बोलत होता, पण ते आता पोलादाला विचारून घ्यावं लागत होतं.