बाईंची खुर्ची

नव्या कुलगुरूंचा राग कायम नाकावर. विद्यापीठाच्या कुलसचिव शालिनी गव्हाणे रोज संध्याकाळी मेसमधल्या स्वयंपाकिणींना फुकट लिहायला-वाचायला शिकवतात, हे तर त्यांना मुळीच खपेना.

भर बैठकीत ते कडाडले, “बाई, पदाची काही चाड? तो वर्ग बंद करा, नाहीतर तुमची खुर्ची काढून घेईन!”

“खुशाल घ्या, सर,” बाई शांतपणे म्हणाल्या. “शिकवताना मी उभीच असते.”

पण कुलगुरूही मूळचे मास्तरच. त्यांना हसू आवरेना. “राहू द्या हो, दोन्ही ठेवा!”

दाराला कान लावून उभ्या असलेल्या स्वयंपाकिणींचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी फळ्यावर बाईंनी नवा शब्द लिहिला : खुर्ची.