साळुंकीची तीन अंडी

एका राज्यात राणी कनकगौरीच्या महाली साळुंक्या बोलत असत आणि त्याचं कोणाला नवल वाटत नसे. राणीचा सारा जीव एकुलत्या एका लेकात, चंद्रकेतूत. त्या घराण्याची रीतच अशी की युवराजाचं पाऊल भुईला लागू द्यायचं नाही. एका चेटकिणीनं ते पाहिलं, ती हसली आणि म्हणाली, "एवढं जपता ना? मग याची पावलं दगडाची होवोत!" झाली की हो! पोराला दाढा आल्या, पण पाऊल काही टाकता येईना.

एके दिवशी राणीच्या महालातल्या भिंतीच्या देवळीत घरटं केलेली साळुंकी बोलली, "राणीसाहेब, माझी तीन अंडी उकलताना पाहा. हात लावायचा नाही. शाप उतरेल. हात लावलात तर दगड वर चढेल."

"एवढंच ना?" राणी म्हणाली.

एवढंच म्हणे! आईच्या जातीला विचारा.

लेकाला कडेवर घेऊन राणी देवळीपाशी उभी राहिली. पहिल्या निळ्या अंड्याला आतून टोचा बसला. पिल्लू टोचायचं, दमायचं, पुन्हा टोचायचं. अखेर टवका उडाला आणि उघडंवाघडं, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू मान डुगडुगवत बाहेर आलं.

"अगं बाई, एवढ्याशा जिवात केवढी ही धमक!" राणी भान हरपून बघतच राहिली.

दुसरं अंडं अर्धं तडकलं नि थांबलं. राणीला राहवेना. तिनं नखानं कवच सोललं मात्र, दगड युवराजाच्या गुडघ्यांपर्यंत चढला! पिल्लू बाहेर पडलं खरं, पण त्याला मान उचलवेना. साळुंकीनं त्याला पंखाखाली ओढलं.

"त्याचं काम तुम्ही केलंत, राणीसाहेब. आता त्याला बळ यायला वेळ लागेल. अजून एक अंडं उरलंय; तेवढं हात न लावता पाहिलंत तरी शाप उतरेल."

राणीला रडूच कोसळलं. तिसऱ्या खेपेला तिनं लेकाला गादीवर बसवलं आणि दासीकडून आपले हात पदरानं बांधून घेतले. अंड्याला तडा गेला आणि सारं सामसूम.

"अहो साळुंकीबाई, मरेल ते!"

"पाहा," साळुंकी म्हणाली.

तेवढ्यात युवराज ओरडला, "ये रे, ये! जोर लाव!"

कवच दुभंगलं. पिल्लानं पाय झाडले, चोच वासली आणि असा काही गलका केला की राणी रडता रडता हसली. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

त्याच क्षणी युवराजाच्या पायांवरचा दगड टवके उडून गळला. दासीनं राणीचे हात सोडले. युवराज उठला, लटपटला आणि भुईवर आपटला. राणीचे हात आपसूक पुढे झाले.

"आईसाहेब, थांबा," तो म्हणाला. "नुसतं बघा."

राणीनं हात मागे घेतले. शाप सरला, रीत मोडली, आणि त्या राज्याचा युवराज आपल्या पायांनी चालत आईपाशी आला.