करंजाची सावली

शके अठराशे बेचाळीसच्या श्रावणात माळावरच्या करंजाखाली विष्णुक्रांतेची रानवेल रुजली. करंज म्हणाला, "पोरी, माझ्या सावलीत सुखानं राहा. उपकार तेवढे विसरू नकोस."

दोन वर्षं गेली. वेलीला एक फूल आलं नाही. ती पिवळी पडत चालली.

"दादा, ती फांदी जरा बाजूला घ्या. उन्हाशिवाय मरेन मी."

"ऊन? काळी पडशील. मग तुला विचारणार कोण?"

आषाढाच्या वाऱ्यात नेमकी तीच फांदी मोडली. ऊन आलं आणि वेल निळ्या फुलांनी भरली.

पुढच्या वैशाखात, पावसानं उघडी पडलेली करंजाची मुळं भाजू लागली. "पोरी, मेलो गं!"

वेल मुळांवर दाट पसरली. म्हणाली, "घ्या दादा, तुमची सावली परत."