आढ्याखालचं घर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव नेमकं कुठे होतं हेही आता कुणाला सांगता यायचं नाही. त्या गावात कोंडाप्पा नावाचा एक कोष्टी राहत होता. त्याच्या हातची लुगडी राजवाड्यापर्यंत जात.

कोंडाप्पाचं कौलारू घर आजोबांनी बांधलेलं. त्याच्या मधल्या खोलीत माग होता आणि मागाच्या बरोबर वर छप्पर गळत होतं. दरवर्षी कोंडाप्पा वर चढे, फुटकं कौल बदले आणि खाली येई. पुढच्या वर्षी गळती हातभर सरकलेली असे.

शेवटी बायकोच्या, सोनाईच्या, आग्रहावरून त्याने म्हाताऱ्या भानू सुताराला बोलावलं. भानूने घर आतून-बाहेरून पाहिलं आणि सगळं छप्पर उतरवावं लागेल असं सांगितलं. आठ दिवस चूल शेजारी मांडायची, माग गुंडाळून ठेवायचा, काजळी आणि माती सोसायची.

"आणि वर काय निघेल ते आत्ता मला विचारू नका," तो म्हणाला. "उघडल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही."

कोंडाप्पा नाखुशीनेच तयार झाला.

पहिल्या दिवशी माणसांची रांग लागली आणि कौलं हातोहात खाली आली. साठ वर्षांची काजळी सगळ्यांच्या डोक्यावर उतरली. सोनाई स्वतःच्या नवऱ्याला ओळखेना. दुसऱ्या दिवशी कौलांखालच्या लाकडी रिपा निघाल्या, आणि त्या घरात पहिल्यांदाच लख्ख ऊन आलं.

कोंडाप्पा उंबऱ्यात थबकला. विणून ठेवलेलं एक लुगडं आवरायचं राहिलं होतं, त्यावर ते ऊन पडलं होतं. जन्मभर त्याने दिव्याच्या उजेडात विणलं होतं. आपल्या हिरव्यात एवढी निळाई आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तेवढ्यात भानूने त्याला वर बोलावलं. साऱ्या छपराचा भार पेलणाऱ्या मधल्या आढ्यावर त्याने लाकूड तासायचा वाकस टेकवला. जोर न लावताही पातं मुठीपर्यंत आत गेलं. आढं वाळवीने पोखरलं होतं. आत नुसती माती होती, वर काळ्या सालीचं कवच.

भानूने वाकस बाजूला ठेवून त्या आढ्याला हात जोडले.

कोंडाप्पाने खाली पाहिलं. तिथे त्याची मुलं रांगायला शिकली होती.

त्याच दुपारी अवकाळी ढग दाटून आले. कोंडाप्पा घाबरला. आढ्याला दोन फळ्या ठोकून आजच कौलं चढवता येतील का, असं त्याने विचारलं.

"चढवता येतील," भानू म्हणाला. "पण मग त्याखाली तुमच्या पोरांना मी झोपू देणार नाही."

कोंडाप्पाने सोनाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "भिजू दे घर. भिजलेलं वाळतं."

घर भिजलं. जमीन उखणली, भिंतींचे पोपडे सुटले. शेजारच्या ओसरीत बसून दोघं ते पाहत राहिली.

पाचव्या दिवशी सागाचं नवं आढं आलं. ते चढवायला अर्धं गाव दोर धरून उभं राहिलं. भानू भिंतीच्या माथ्यावर उभा होता. तो नुसता हात हलवी आणि तो अजस्र सोट बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरके. मग सोट आपल्या खाचेत बसला. एकच खोल आवाज झाला आणि त्या हादऱ्याने घर पायापर्यंत थरारलं. कोंडाप्पाने भिंतीला तळवा लावला, तेव्हा ती थरथर अजून विरत होती. आपल्या घरात एवढं बळ मावतं, याचं त्याला नवल वाटलं.

पुढच्या वर्षी वादळात अंगणातलं चिंचेचं झाड छपरावर कोसळलं. शंभरेक कौलं फुटली, काही वासे मोडले. आढं मात्र तसूभर हललं नाही. त्याच्याखाली कोंडाप्पा, सोनाई आणि मुलं जेवायला बसली होती. ती ताटावरून उठून, एक ओरखडाही न लागता, बाहेर आली.

बोध असा: वरवर झाकलेली खोट एक दिवस घात करते, ती उघडी करायचा त्रास जो वेळीच सोसतो, त्याचंच घर उभं राहतं.